बिनतिकिटाचं कौतुक

तर वर होता आकडा, आणि तो पाहुणा टक लावून वरच बघत होता. काल नेमकी इथंच जेवायची हाक आली आणि गोष्ट त्या तारेवर लटकून राहिली. आता सावकाश खाली उतरवू.

मैंदर्गीत अनिलकुमार शेठच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. शेठचं सिमेंट-लोखंडाचं दुकान. बंगल्याला अशी फरशी की पाय ठेवताना आपलंच तोंड खाली दिसावं. पण मांडवातल्या दिव्यांना वीज कुठून, तर रस्त्यावरच्या तारेवर बांबूनं वायरचा आकडा टाकून घेतलेली. फुकटची. फरशीला हात सैल सोडणारा माणूस विजेला मूठ आवळतो, त्याला काय करणार!

मांडवात वीरभद्रप्पा गिरणीवाल्याचं गाणं रंगलेलं. पेटीवर रामहरी. समोर बायकांचा घोळका, आणि त्याच्या मागं चटईवर मांडी घालून बसलेला एक अनोळखी गृहस्थ. पांढरी दाढी नीट कातरलेली, खांद्याला झोळी, कपडे साधे पण इस्त्रीचे. गाणं सुरू झाल्यापासून त्यानं मान जी वर केली, ती खाली घेईना. आणि त्याच्या नजरेसमोर, अगदी नाकाच्या रेषेत, तो आकडा.

रामहरीनं उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केली. चढणाऱ्याच्या नुसत्या मानेवरून त्याला कळायचं, हा तिकिटाला पैसे काढणार की झोपेचं सोंग घेणार. अक्कलकोटच्या फाट्यावर एकदा त्यानं आजारी म्हातारी बनून गोधडीत शिरलेला धडधाकट तरणा ओळखला होता, तो केवळ खोकल्यावरून. नोकरी संपली, पण डोळा काही रिटायर झाला नाही. तो आता पेटीचा भाता एका हातानं हलवत दुसऱ्या हाताच्या बोटांनी सूर धरून होता, आणि मोकळ्या राहिलेल्या भुवयांनी अनिलकुमारला खुणा करत होता.

अनिलकुमार वाकून कानाशी आला. "काय रं?"

"त्यो पाहुना कुनाचा हाय?"

"तुज्याकडचा न्हवं?"

"माज्याकडचा आसता तर इचारलो आसतो का? वर बगायलाय बगा. खांबाकडं."

अनिलकुमारनं वर बघितलं, मग पाहुण्याकडं, मग परत वर. "लाइट बोर्डाचा?"

"मग वर दुसरं काय हाय बगण्यासारकं? चांदनी बी न्हाय आज."

"जेवू घाल त्याला. पोटभर घाल. आन् रिकाम्या हातानं लावून देऊ नगंस, काय?"

झालं. गाणं संपल्याबरोबर रामहरीनं पाहुण्याला हाताला धरून पंगतीत बसवलं. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, त्यावर तुपाची धार, नको नको म्हणेपर्यंत वाढलं. जाताना कडक भाकरीची चळत आणि शेंगाच्या चटणीचा भला मोठा पुडा त्याच्या झोळीत कोंबला. पाहुणा आधी संकोचला, मग भारावला. रामहरीचे दोन्ही हात धरून म्हणाला, "तुम्ही फार मोठी माणसं आहात."

रामहरी परत येऊन शेठला म्हणाला, "पटला."

"वायर काडू का मग?"

"आता कशाला काडताव? चटनी गेली की!"

या सगळ्याचा वीरभद्रप्पाला पत्ता नव्हता. तो मांडवाच्या मागं दगडावर बसून पायातला घुंगरू सोडत होता. एकाच पायातला. कारण तो बांधतोच एका पायात. कुणी विचारलं तर सांगतो, "दोनी पायांनी बोलाय लागलो तर ऐकायचं कुन्या पायानं?"

आता हा वीरभद्रप्पा कसा, ते ऐका. त्याशिवाय पुढचा तिढा कळायचा नाही.

एसटी स्टँडाला लागून त्याची पिठाची गिरणी. भुवया बारमाही पांढऱ्या, त्यामुळं तो तरणा होता तेव्हाही म्हातारा दिसायचा आणि आता म्हातारा झाला तरी तेवढाच दिसतो. तरुणपणी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात होता. खोली अशा बोळात, की एका बाजूला तेलुगू बोलणारी विणकरांची घरं, दुसऱ्या बाजूला दखनी बोलणारा मोहल्ला, आणि मधे हा मैंदर्गीचा, घरात कानडी आणि दारात मराठी. दिवसभर मागाचा खडखडाट, सांजच्याला एका बँडपथकात मोठा ढोल वाहायचा. वाजवायचा नाही हो, नुसता वाहायचा. वाजवणारा मागून चालायचा. म्हणजे याच्या पाठीवर ढोल आणि त्यावर दुसऱ्याची टिपरी. तो ताल त्याच्या बरगड्यांत जो बसला तो बसलाच. पथक मोडलं तेव्हा मालकानं आठवण म्हणून लाल कोट दिला, सोनेरी गोंडे लावलेला. कारखाना बंद पडल्यावर हा कोट आणि चार भाषांतली गाणी घेऊन गडी गावाकडं आला आणि बापाच्या गिरणीला लागला.

कार्यक्रमाला तोच कोट. खाली धोतर, कपाळाला विभूतीचे पट्टे, एका पायात घुंगरू, हातात पिठाची चाळण आणि चाळणीत मूठभर ज्वारी. ती ज्वारी अशी खेळवतो की कधी पाऊस वाटावा, कधी माग. उभा राहिला की आधी कानडीतलं एखादं देवाचं पद संथ धरतो. लोक हात जोडतात न जोडतात तोच त्यात कव्वालीची टाळी शिरते. टाळीला टाळी मिळतेय तोवर लावणीतला डोळा मोडून पुढच्या रांगेतल्या एखाद्या म्हातारबुवाला लाजवतो, आणि तो लाजत असतानाच आवाज बारीक करून तेलुगू पाळणा गातो, असा की मांडीवरची पोरं खरोखर पेंगतात. आणि मग कुठून तरी येते ती एसटीची घोषणा. "मैंदर्गीहून अक्कलकोटमार्गे सोलापूरला जाणारी गाडी..." हे तो आळवतो. गाडी, फलाट, "प्रवाशांनी नोंद घ्यावी", सगळं ताना घेत घेत. पोरं लोळतात हसून. बायका मात्र पदर डोळ्याला लावतात, कारण जिची तिची लेक त्याच गाडीनं सासरी गेलेली. तेवढ्यात हा तोंडानं असा हॉर्न वाजवतो की रडणाऱ्याही खुदकन हसतात.

गावाच्या लेखी हे सगळं म्हणजे येडेपणा. गोड येडेपणा, पण येडेपणाच. बारशाला, वास्तुशांतीला, जनरेटर बंद पडून ऑर्केस्ट्रा खोळंबला की, "अरे त्या गिरणीवाल्याला बोलवा, माणसं उठून जायली."

त्याला स्वतःला एकच जागा जिवापाड हवी असते, ती म्हणजे महादेवाच्या जत्रेत पालखी निघायच्या आधी देवळाच्या पायरीवर गायची. त्याचा बाप तिथं गायचा. बाप गेल्यापासून हा गातो. लोक पालखीची वाट बघत शेंगा सोलत असतात, पोरं फुगे फोडत असतात, आणि हा पायरीवर उभा राहून देवाकडं तोंड करून गातो. ती त्याची सेवा. बाकी सुपारी मिळाली तर ठीक, नाही तर गिरणीचा पट्टा आहेच फिरायला. ती पायरी सुटली तर मात्र या माणसाचं काय उरेल, ते रामहरीलाही सांगता आलं नसतं.

आणि नेमकी ती पायरीच हलली. कशानं, तर कौतुकानं.

रविवारची सकाळ. रामहरीची सून अंकिता अक्कलकोटच्या कॉलेजात शिकवते. ती पेपराची पुरवणी नाचवत बाहेर आली. "मामा, बघा तरी कोण आलंय!"

पुरवणीचं अर्धं पान. मधोमध लाल कोटातला वीरभद्रप्पा, तोंड उघडं, चाळण डोक्याच्या वर. रामहरीनं चष्मा चढवला. कोपऱ्यात लिहिणाऱ्याचा बारकासा फोटो होता. त्यावर बोट ठेवून तो किंचाळलाच. "आगं, ह्यो तर बोर्डाचा साहेब!"

"कसला बोर्डाचा? हे हृषीकेश सर. पुण्याचे फार मोठे संगीत समीक्षक आहेत."

"समीक्षक म्हंजी?"

"गाणं ऐकून ते कसं आहे ते लिहिणारे."

"आन् त्यांना पगार कोन देतंय?"

"मामा, तुम्ही ऐका तर आधी." आणि ती वाचू लागली. "'चार भाषांच्या शिवेवर उभा राहून हा गायक एकही शीव ओलांडत नाही, कारण त्याला ती दिसतच नाही. एसटीची घोषणा तो आळवतो तेव्हा मांडवातल्या प्रत्येक आईची लेक पुन्हा एकदा निघून जाते. मोठमोठ्या रंगमंचांवर मी जे शोधत होतो ते मला मैंदर्गीच्या एका मांडवात चटईवर बसून, वर आभाळाकडं बघत ऐकताना मिळालं.' आणि हे बघा, तुमच्याबद्दलही आहे. 'रामहरींची पेटी मागून चालते आणि पुढचं वळण आधी ओळखते.'"

रामहरीच्या कपाळाला आठी पडली. "मागनं चालती म्हंजी? म्या मागं पडतो म्हंतोय का त्यो?"

"कौतुक आहे मामा ते!"

"कौतुक आसं वाकड्यात घुसून आसतंय व्हय? सरळ बरं वाजीवतो म्हनायला काय जीब झडती का त्याची?"

आता यात रामहरीचीही चूक नाही. आमच्या भागात कौतुकाची एक रीत आहे. ज्याला करायचं तो पुढं येतो, टॉवेल-टोपी देतो, नारळ हातात ठेवतो, माईकवर त्याचं नाव पुकारतात, आणि कौतुक का केलं हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. पाहुणा असतो, जातभाई असतो, नाही तर पुढं काही काम अडलेलं असतं. हे मात्र कौतुक असं, की ना नारळ, ना नातं, ना काम. बिनतिकिटाचं. आणि रामहरीला तर बिनतिकिटाचं काहीही बघितलं की अंगावर काटा येतो.

गावाला त्याहून मोठा काटा आला. माणसाचा फोटो आणि त्याखाली मोठमोठे शब्द छापून येतात, ते आमच्याकडं वाढदिवसाला, निवडणुकीला, नाही तर दहाव्याला. वीरभद्रप्पाचा वाढदिवस त्याच्या आईलाही ठाऊक नव्हता. मेला म्हणावं तर गिरणी चालू होती. तरी दोघं-तिघं उगीच अर्धी पायली बाजरी घेऊन खात्री करायला येऊन गेले. मग उरलं काय? नगरपालिकेच्या निवडणुका तोंडावर आलेल्या!

दुपारपर्यंत सगळ्या पेठेत झालं, की गिरणीवाला उभा राहतोय. पैसे चारून पेपरात छापून आणलंय. बघा की, चार भाषांचं लिहिलंय, म्हणजे चारी समाजांच्या मतांवर डोळा आहे. आणि लेकीबाळींचं लिहिलंय ते बायकांच्या मतांसाठी. वाचावं तसं सगळं जुळत गेलं. पेठेतल्या लोकांनी त्या लेखाचा जेवढा बारकाईनं अभ्यास केला, तेवढा पुण्यातही कुणी केला नसेल.

कधी न येणारी माणसं दळण घेऊन येऊ लागली. कुणी म्हणे, "अप्पा, आमच्या गल्लीतल्या गटारीचं ध्येनात ठेवा बरं का." कुणी नुसतंच डोळा बारीक करून हसे. पूर्वी "ए गिरणीवाल्या" म्हणणारे "अप्पा" म्हणू लागले, आणि त्याची पाठ वळली की "लई आतल्या गाठीचा निघाला बे ह्यो" म्हणू लागले. वीरभद्रप्पानं खुलासा करावा ना! तो पट्ट्याच्या तालावर डोकं हलवत विचारायचा, "बारीक का जाड?"

त्याची बायको नागव्वा, तिचा संशय आणखी वेगळ्या वाटेचा. तिनं नवऱ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, त्या चुलीत तडतडल्या नाहीत म्हणून मिरच्या उतरवल्या, मग पेपरावरूनही उतरवल्या. आणि तो पेपर घडी करून ज्वारीच्या कणगीखाली सारला. अंकिता म्हणाली, "काकू, फ्रेम करून लावायचा ना!"

"आय्यो, नगं माय. इतकं ग्वाड बोलनं घरात उगडं ठिवू ने. मुंग्या येत्यात."

रामहरीला झोप लागेना. त्याच्या मनात दोन गोष्टींचं दळण चाललेलं. साहेब बोर्डाचा नव्हता, तर मग आपण दिलेल्या चटणीपायी त्यानं हे लिहिलं का? तसं असेल तर हे कौतुक म्हणजे लाच झाली, आणि ती आपल्या हातून गेली. आणि चटणीपायी नसेल, तर वीरभद्रप्पानंच आपल्याला अंधारात ठेवून काहीतरी दिलं असणार. इतक्या वर्षांच्या जोडीदाराला अंधारात ठेवून! यातलं कुठलं जास्त वाईट, हेही त्याला ठरवता येईना.

त्यानं सकाळची गाडी धरली आणि सोलापूर गाठलं. पेपराच्या कचेरीत जाहिराती घेणाऱ्या टेबलावरच्या मुलीसमोर ती पुरवणी पसरली. "बाई, येवढं छापायला काय पडतं?"

तिनं बघितलं. "आजोबा, ही जाहिरात नाही. लेख आहे."

"आसू द्या की. लेकाचं काय पडतं?"

"लेख पैसे देऊन येत नाही."

"मग काय दिल्यावर येतो?"

ती हसली, बाजूच्याला काहीतरी सांगितलं, तोही हसला. रामहरी पायऱ्या उतरताना स्वतःशी म्हणाला, बरोबर आहे. ज्याचा दर भिंतीवर लिहिलेला नसतो, तेच सगळ्यात महाग. परतीच्या गाडीत कंडक्टरनं "काय काका, किती दिवसांनी!" म्हटलं, तेव्हा याला तोही हसणं संशयाचंच वाटलं.

मैंदर्गीला उतरला तो थेट गिरणीत. पट्टा धडधडत होता. तोंड कानाशी नेऊन ओरडला, "अप्पा, माज्या गळ्याची आन हाय. त्या पुन्याच्या मानसाला तू कायतरी दिलास का?"

वीरभद्रप्पानं पिठात बोटं घालून चिमटीत पीठ चोळून बघितलं. "मास्तर, ह्ये पीठ कोनाचं हाय? आवाज बगा की ह्याचा. दगूड टाकी मागायलाय, घासून गुळगुळीत झालाय."

"म्या काय इचारतो, तू काय सांगतोस!"

"जत्रंला दुसरी पट्टी धरू. मागल्या साली देवाला वरचा सूर टोचला वाटतं."

रामहरी पाय आपटत घरी आला. इतका सरळ प्रश्न आणि इतकं वाकडं उत्तर. झोपेचं सोंग घेणारे असंच करतात, खिडकीबाहेर बघत पिकाची चौकशी करतात.

जत्रा आठवड्यावर आली तेव्हा कमिटीचं बोलावणं आलं. कमिटीचा अध्यक्ष अनिलकुमार. सोमवारी दुपारी महादेवाच्या सभामंडपात माणसं जमली, खांबापलीकडं बायका. नागव्वा पुढंच बसली होती. मधे पाट, पाटावर ताट, ताटात बेल आणि भंडारा. आमच्याकडं बेलभंडार उचलून बोललेलं खोटं निघालं, तर देव पैसाअडका, गुरंढोरं कशाला शिवत नाही, वाचा नेतो. तशी समजूत आहे, आणि वाचा बसलेल्या दोन-तीन जणांची नावंही लोक सांगतात. गाणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा कुठली?

अनिलकुमार घसा खाकरून म्हणाला, "मंडळी, आपल्या जत्रंत राजकारन न्हाय. जो उबा ऱ्हानार, त्याला पायरी न्हाय. वीरभद्रप्पा, तुजं पेपरात आलं, आमाला आनंदच हाय. पर का आलं ते गावाला कळाय पायजे का नगं?"

"व्हय व्हय," चार तोंडं बोलली.

"त्यो मानूस तुजा पाहुना हाय का?"

"न्हाय."

"तुज्या जातीचा?"

"इचारलो न्हाय."

"तुज्याकडनं काय काम हाय का त्याला?"

"पुन्यात गिरन्या आसतील की, शेठ."

हसू पिकलं. अनिलकुमार हसला नाही. त्याचा स्वतःचाच वॉर्डातल्या तिकिटावर डोळा होता, हे सभामंडपातल्या नंदीलाही ठाऊक होतं. "मग उचल बेल. म्हन, मी निवडनुकीला उबा ऱ्हानार न्हाय. आन् म्हन, म्या किंवा माज्या मानसानं त्या पेपरवाल्याला कायबी दिलं न्हाय. मग पायरी तुजी."

"येवडंच का?" म्हणत वीरभद्रप्पा उठला. पाटाशी गेला. चेहरा असा, जणू कुणी दळणाचा डबा उचलायला सांगितलाय.

माज्या मानसानं. रामहरीच्या कानात ते दोन शब्द घणासारखे पडले. वीरभद्रप्पाचा माणूस कोण? त्याच्याशिवाय कोण! याला काही ठाऊक नाही, हा निर्मळ मनानं बेल उचलणार आणि खोटं त्याच्या तोंडून जाणार. देव काय चौकशी समिती बसवतो का, कुणाला ठाऊक होतं आणि कुणाला नव्हतं म्हणून? रामहरीनं अनिलकुमारकडं बघितलं. शेठ छताकडं बघत होता. तोंड उघडावं तर शेठशी वैर, न उघडावं तर अप्पाची वाचा.

वीरभद्रप्पाची बोटं बेलाला लागली.

"थांब अप्पा!" रामहरी ओरडला, आणि त्या घुमटात ते ओरडणं तीनदा ओरडलं. "हात लावू नगंस. दिलंय. त्या मानसाला दिलंय."

अनिलकुमार हळूच म्हणाला, "रामहरी, बस खाली. तब्येत बरी न्हाय तुजी."

"बरी हाय की. म्या दिलो त्याला. कडक भाकरी आन् शेंगाची चटनी."

"कशापायी?" मागून कुणीतरी विचारलं.

"शेठनी द्या म्हनलं म्हून."

"म्या?" अनिलकुमार उसळला. "म्या कशाला दिऊ त्या पेपरवाल्याला चटनी?"

"पेपरवाला म्हून न्हवं. तुमच्या आकड्यापायी! त्यो वर बगू लागला, आमाला वाटलं बोर्डाचा हाय. तुमीच म्हनलाव, रिकाम्या हातानं लावून देऊ नगंस."

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग पलीकडं बायकांत एक बांगडी वाजली, एक फिस्सकन हसली, आणि हसू असं फुटलं की गाभाऱ्यातला पुजारी घंटा सोडून बाहेर आला. नागव्वानं पदर तोंडाला लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "आय्यो शिवने! शेठजी, बेल तुमीच उचला की आता. ताट तयार हाय."

"वायर तवाच काडली म्या!" शेठ म्हणाला.

"कवा? काल सांजच्याला बी लाइट झगझगत होती की," कुणीतरी म्हणालं, आणि परत हसू.

पण अनिलकुमार व्यापारी माणूस. घसरला तरी मालासकट उभा राहणारा. हसू ओसरायच्या आत त्यानं हात वर केला. "मंडळी, ऐका. म्हंजी उलगडलं की सगळं! पैसा न्हाय, निवडनूक न्हाय. चटनी! मानसानं चटनी खाल्ली, गोड वाटली, चार शब्द लिवला. आता आपल्या शेंगाच्या चटनीची गोष्टच निराळी हाय."

आणि काय सांगू, सगळ्या सभामंडपानं सुटकेचा श्वास टाकला. कारण सापडलं! इतके दिवस गळ्यात अडकलेला घास खाली गेला. "आसं व्हय!" "तरीच म्हनलं!" "लसूण जास्त आसंल." चटणी हे कारण सगळ्यांना समजणारं होतं, पटणारं होतं, त्यात कुणाचा कमीपणा नव्हता. माणसं एकमेकांकडं बघून माना डोलवू लागली. रामहरीच्याही छातीवरचा धोंडा उतरला. निदान अप्पानं चोरून काही दिलेलं नव्हतं.

"तर मग वीरभद्रप्पा," अनिलकुमार आता गोडीत आला, "बेल बी नगं उचलू. नुसतं तोंडानं म्हन, त्यो पुन्याचा मानूस आपल्या चटनीपायी लिवला. गावाचा रुसवा गेला, जत्रंला पायरी तुजी. काय मंडळी?"

"व्हय व्हय. म्हना अप्पा."

वीरभद्रप्पा पाटाशी तसाच उभा. लाल कोट नव्हता, चाळण नव्हती. पिठानं माखलेली बंडी आणि धोतर. रामहरी सरकत सरकत त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या धोतराचा सोगा ओढून कुजबुजला, "म्हन की अप्पा. काय जातं आपलं? व्हय म्हन, पायरी ऱ्हाती. तुज्या बापाची पायरी हाय ती."

वीरभद्रप्पानं खाली रामहरीकडं बघितलं, मग नागव्वाकडं. तिनं पदर तोंडावरून काढला होता आणि ती हसत नव्हती. मग तो सगळ्यांकडं वळला. गाताना लागतो तो आवाज नव्हता. गिरणी बंद केल्यावर उरतो तसा होता.

"चटनी त्यो पुन्याला जाऊन खाल्ला आसंल, शेठ. गानं मातर हितं बसून ऐकला. मधी उटला न्हाय, फोन बगितला न्हाय, शेजाऱ्याला बोलला न्हाय. का लिवला ते मला बी ठावं न्हाय. पन तुमी बी येकडाव गप बसून ऐका की, मग पायरी द्यायची का न्हाय ते तुमीच सांगा."